मोडलेली कमान आणि आईचे जाते

आज जाते गोणपाटात बांधताना त्याची टवका उडालेली कड हाताला लागली आणि निवळीच्या घाटातली ती दुपार आठवून माझे डोके पुन्हा तापले.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. नवे लग्न झालेली मी मुंबईला बिऱ्हाड मांडायला निघाले होते. बाबांच्या हापूसच्या पेट्यांबरोबर आई-बाबा आणि मी, आईने मला दिलेल्या जात्यासकट, लॉरीतून मांडवी बंदराकडे चाललो होतो. मुंबईची आगबोट चुकली तर सगळेच आंबे नासणार होते. अशात मागच्या चाकावरची, भार पेलणारी पोलादी कमान खाडकन मोडली आणि त्या दणक्याने जात्याच्या कडेचा टवका उडाला. ड्रायव्हरने लाकडाची पाचर ठोकली, काथ्याने कमान आवळली आणि म्हणाला, "भार कमी करा, नायतर ही काय टिकनार नाय."

"अगं आई, जाते उतरव! मुंबईत पिठाची गिरणी आहे," मी म्हणाले.

"गिरणीच्या पिठाला चव असते होय गो?" म्हणत आई सरळ जात्यावरच बसली.

बाबांनी कपाळाला हात लावला आणि निम्म्या पेट्या रस्त्याकडेला उतरवल्या. आगबोट मिळाली. मी मात्र निरोप घेईपर्यंत आईशी बोलले नाही.

उद्या माझी लेक नागपूरला बिऱ्हाड करायला निघते आहे. "आई, तिथे गिरणी आहे," असे तिने मला चारदा सांगितले. मी दाभणात सुतळी ओवली आणि गोणपाटाचे तोंड शिवून टाकले.