खंडेनवमीचा लेख

आमच्या घरात काम म्हणजे कंपनी. गळ्यात ओळखपत्र, डांगे चौकात कंपनीची बस आणि परत येताना कपड्यांना ऑइलचा वास, एवढं असलं की माणूस कामाला जातो असं माझ्या सासूबाई मानतात. मी थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये ओट्याशेजारी टेबल टाकून दुकानांच्या आणि कारखान्यांच्या वेबसाइटसाठी लेख लिहिते. शेजारची कुणी आली की सासूबाई माझ्याबद्दल सांगायच्या, "घरीच असती की. कॉम्प्युटरवर बसती." त्यातलं ते 'बसती' ऐकलं की माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची. दिवसभर डोकं पिळून काढायचं आणि वर आपण बसलेल्या ठरायचं. पण बोलायची सोय नव्हती, कारण खरंच मी बसलेलीच असायचे.

हे काम मला कुणी शिकवलं नाही. वाईट लिहून लिहून शिकले. कॉलेजात निबंधाला बक्षिसं मिळाली होती, त्यामुळे सुरुवातीला माझा प्रत्येक लेख 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' असाच सुरू व्हायचा, मग विषय बेअरिंगचा असो नाहीतर बाळाच्या लंगोटाचा. लोक पहिल्या ओळीतच पळून जायचे. मग मी नवऱ्याला फोन वाचताना न्याहाळायला लागले. चेहऱ्याकडे नाही, अंगठ्याकडे. अंगठा सरकत राहिला तर लिहिणाऱ्याची मेहनत पाण्यात, थांबला तर ते वाक्य जगलं. त्या अंगठ्याकडे बघून मी ठरवलं की माणूस ज्या शब्दांत प्रश्न विचारतो तेच शब्द शीर्षकात घ्यायचे, त्याचं उत्तर पहिल्या चार ओळींत देऊन टाकायचं, आणि आपली हुशारी दाखवायची खुमखुमी आली की उठून भांडी घासायला जायचं. ज्यानं ते काम स्वतःच्या हातानं केलंय अशा माणसाशी बोलल्याशिवाय तर एक अक्षर लिहायचं नाही.

शेवटी लेख मोठ्यानं वाचायचा. ऐकायला माझे सासरे. ते लातूरकडून तरुणपणी इकडे आले आणि आयुष्यभर प्रेस मशीनवर पत्र्याचे तुकडे दाबत राहिले. उजव्या हाताची दोन बोटं महाळुंग्याच्या एका प्रेसशॉपमध्ये राहिली. आता घरी असतात. माझा लेख ऐकताना ते जिथे जांभई देतील तिथली ओळ मी उडवते. त्यांना कळू न देता. कळलं तर भिडस्त माणूस, जांभई गिळून बसेल.

माझा नवराही चाकणला प्रेसवरच आहे. त्याच्या कंपनीतली मशीन नवी आहेत, समोर सेन्सर आहेत, हात आत गेला की मशीन थांबतं, असं तो आईला दर थोड्या दिवसांनी समजावतो. ती मान हलवते आणि तरीही तो घरी आला की आधी त्याच्या हातांकडे बघते. पाणी देताना बघते, ताट वाढताना बघते. माझ्या हे लग्नानंतर पुष्कळ उशिरा लक्षात आलं, आणि तेव्हापासून मीही बघते.

म्हणून खंडेनवमी हा आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी हत्यारांची पूजा. सासूबाई पाट मांडतात, त्यावर नवऱ्याचे पाने, व्हर्निअर, सासऱ्यांची जुनी कानस, घरातली विळी आणि सुरी. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. मी लग्न होऊन आल्यावर एकदा चुकून सुरी उचलली होती, तेव्हा त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. हत्याराला विश्रांती दिली तर ते वर्षभर हात सांभाळतं, असं त्यांचं म्हणणं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्यांच्यासमोर तसं म्हणायची माझी छाती नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःशी म्हणतानाही आवाज जरा बारीकच होतो.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी प्रेस मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं माझ्याकडे लेख मागितला. खंडेनवमीला मशीनची पूजा कशी करायची. वर्कशॉपवाले सणाच्या आधी हे फोनवर शोधतात, त्या निमित्तानं त्याच्या साइटवर येतील, हा हिशोब. विषय माझ्या घरातलाच होता, मी जीव ओतून लिहिला. आणि पहिल्याच परिच्छेदात घातलं: मेन स्विच बंद करा, फ्लायव्हीलचं जड चाक पूर्ण थांबू द्या, पायाच्या पेडलजवळ कुणाला उभं राहू देऊ नका, मगच डायला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याला, कुंकू लावा. कारण कुंकू लावायला हात थेट प्रेसच्या जबड्यात घालावा लागतो. एरवी तिथे हात घालायला घाबरणारा माणूस सणाच्या दिवशी नवा शर्ट घालून, हसत हसत, फोटोकडे बघत हात घालतो. मागे माणसांची गर्दी, आणि गर्दीतल्या कुणाचा तरी पाय पेडलवर. पेडल दाबलं की जबडा मिटतो. ही ओळ मला कुणाला विचारावी लागली नाही. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे.

सासऱ्यांनी लेख ऐकला. जांभई नाही. मी खूश होऊन पाठवून दिला.

खंडेनवमीच्या सकाळी मी अंघोळ करून आले, तर पाटावर नवऱ्याच्या पान्यांच्या शेजारी माझा लॅपटॉप होता. उघडा, कीबोर्डवर झेंडूची फुलं, पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट. सासूबाई माझ्याकडे न बघता वाती वळत होत्या. "तुजंबी हत्यारच हाय की ते," एवढंच म्हणाल्या. मी आत जाऊन कपाटाचं दार उघडून उगीच उभी राहिले. रडू येत होतं. इतक्या वर्षांत नवऱ्यानं केलेल्या कौतुकानं जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं.

पूजा झाली, आरती झाली. नवरा कंपनीतल्या पूजेला गेला होता, तिथून त्याचा मेसेज आला, 'तुझा लेख आमच्या ग्रुपवर फिरतोय, भारीच.' मी फोनवर लेख उघडला. वर झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनचा फोटो, मग मुहूर्त, मग पूजेचं साहित्य, मग 'डायला कुंकू लावा.' स्विच नाही, फ्लायव्हील नाही, पेडल नाही. मी वरखाली दोनदा शोधलं. ती सगळी ओळ काढून टाकली होती.

व्यापाऱ्याला फोन लावला, तो उचलेना. त्याच्याही दुकानात पूजा चालू असणार. परत लावला, परत लावला. भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत किती शेडमध्ये त्या क्षणी कुणीतरी हातात फोन धरून 'आता पुढं काय?' म्हणत हा लेख वाचत असेल, हे माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. लेख बदलायची परवानगी माझ्याकडे होती, पण ते फोनवरून होत नव्हतं. लॅपटॉप लागणार होता.

मी पाटासमोर जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"आगं, काय करायलीस?"

"आई, एक चूक झाली आहे. आत्ता नीट नाही केली तर कुणाचा तरी हात जाईल."

"पूजेतलं उचलायलीस? लेकरू मशीनवर हाय माजं! उद्याच्याला कर."

"उद्या उपयोग नाही."

मी उचलला. फुलं खाली पडली. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी ओट्याशेजारच्या टेबलावर बसून लेख उघडला. पाकळ्या कीबोर्डच्या फटीत अडकल्या होत्या, बोटाला कुंकू लागत होतं, आणि घाईत 'मेन स्विच' लिहायला तीनदा खोडावं लागलं. ओळ पुन्हा सगळ्यात वर घातली. मग लॅपटॉप परत पाटावर ठेवला, फुलं वेचून वर घातली. सासूबाईंनी ती फुलं काढली आणि नवी वाहिली.

नवरा घरी येईपर्यंत मी दारात सतरा खेपा घातल्या असतील. मानत नाही म्हणणारी मी. तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन हसत आला, आणि आम्ही दोघींनी एकदमच त्याच्या हातांकडे पाहिलं.

दसऱ्याला व्यापाऱ्याचा फोन आला. शुभेच्छा झाल्या. मग म्हणाला, "मॅडम, लेख तुम्ही बदललात का? मी परत पहिल्यासारखा केलाय."

"त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही उडवली होती."

"अहो, सणाच्या लेखात बोटं जायची भाषा? शुभ दिवशी लोक वाचतात ते. आणि पहिली ओळ भीतीची असली की माणूस पुढं वाचत नाही, हे तर तुम्हीच मला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. कुठल्यातरी वेगळ्या लेखाबद्दल, कुठल्यातरी वेगळ्या भीतीबद्दल, पण सांगितलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळ वर राहणार नसेल तर लेखच काढून टाका, म्हटलं. तो माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. "लेख आपला मस्त चाललाय, मॅडम. शोधलं की पहिलाच येतो. तो कशाला काढायचा?" मी पुढचं काम करणार नाही असं सांगितलं. बरं, म्हणाला. साइटवर शिरायची माझी परवानगी संध्याकाळपर्यंत बंद झाली होती.

सासूबाईंचा अबोला चालूच होता. तो सासऱ्यांनी मोडला. त्यांनी बायकोला सांगितलं की सुनेनं लॅपटॉप कशापायी उचलला ते तिलाच विचार. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, "वाच," म्हणाल्या. मी माझा मूळ लेख वाचून दाखवला, मग साइटवरचा. दुसरा ऐकताना डायच्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"पेडलचं कुठाय ह्यात?"

"काढलं त्यांनी."

त्यांनी सासऱ्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "मग तू दुसरा लिही की. हाय काय त्यात?"

त्यात काय आहे ते त्यांना समजावणं कठीण होतं. लिहिणं सोपं. तो वर आणणं कठीण, कारण वर जो बसला होता तो मी बसवला होता. लोक ज्या शब्दांत विचारतात ते शब्द मी त्याच्या शीर्षकात घातले होते, त्यांच्या शंका उपशीर्षकं करून मांडल्या होत्या, प्रत्येक परिच्छेद अंगठा थांबेल असा घासला होता. आता तो हलायचं नाव घेत नव्हता.

तरी मी स्वतःचं एक पान सुरू केलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी ओळ वर तर ठेवलीच, पण भीतीची नाही ठेवली. 'पूजेचा पहिला मान मेन स्विचला' अशी सुरुवात केली. विधीतली पहिली पायरीच ती. स्विच बंद करून त्यालाच पहिलं कुंकू लावायचं, मग मशीन शांत होईपर्यंत सगळ्यांनी मागे उभं राहून आरती म्हणायची, मगच डाय. सासूबाईंनी ऐकून मान डोलावली. सासऱ्यांनी पेडलसमोर पाट आडवा ठेवायचं सुचवलं, तेही घातलं. नवऱ्यानं मशीन बंद करून पायरी पायरीचे फोटो काढून आणले. वर्षभर मी दुसऱ्यांची कामं करून उरलेल्या वेळात त्या लेखाशी झटत राहिले. शब्द बदलले, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं जोडली, ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांना पाठवला. सासूबाई सकाळी देवाला फुलं वाहून झाली की विचारायच्या, "आला का वर?" मी म्हणायचे, नाही अजून. शेजारणीला त्या आता सांगतात, "सूनबाई कामात हाय, मागनं या."

यंदा घट बसले त्या दिवशी सकाळी मी शोधून पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच.

"आई, दुसरा आला! आपला लेख दुसऱ्या नंबरवर आला."

त्यांनी सासऱ्यांना हाक मारली, माझ्या तोंडात साखर घातली. सासरे आपल्या तीन बोटांनी पडद्यावर आमचा लेख कुठे आहे ते दाखवत होते. सासूबाईही चष्मा लावून वाकून बघायला लागल्या. आमच्या लेखाच्या वरच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"आन् ह्यो पयला कुणाचा?"

"तोही माझाच," मी म्हटलं.