डावीकडचा नववा खवला

किड्याला स्पिरिटात घालण्याआधी गुंगी देऊन झोपवायचं असतं. ताईंनी हे मला तोंडी सांगितलं होतं, शिवाय बाटलीवर ‘आधी झोपवा’ अशी चिठ्ठीही डकवली होती. तरी मी तो वळवळता किडा चिमट्यात धरला आणि सरळ बशीतल्या स्पिरिटात सोडला. त्याने एक हिसडा दिला, अंगाची कमान केली आणि कामावरून आलेल्या माणसाने सदरा काढून भिरकावावा तसे पाठीवरचे सगळे खवले झटकून टाकले. बशीत खसखस सांडल्यासारखं झालं.

ताई समुद्राचं पाणी आणायला खाली गेल्या होत्या. त्या यायच्या आत काम उरकून शाबासकी मिळवायचा माझा बेत होता. आमच्या गावच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असायची. त्यामुळे हाताला काचसामान लागलं की मला अजूनही चेव येतो.

ताईंचं काम समुद्रातल्या किड्यांच्या जाती ओळखण्याचं, मी त्यांचा मदतनीस. बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर दोन खोल्यांचं आमचं केंद्र आहे. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलं थरथरतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या पायांखाली ताईंनी जुन्या चपलांचे तुकडे घातलेत. गल्लीतली पोरं त्यांना ‘किडेवाल्या काकू’ म्हणतात. त्याचा ताईंना राग येत नाही. कुणी ‘गांडूळवाल्या’ म्हटलं, तर मात्र त्या भर रस्त्यात थांबतात आणि फरक समजावून सांगतात. पोरं पुन्हा चुकत नाहीत. चुकलं तर पुन्हा ऐकावं लागतं.

हा किडा करंगळीच्या पेराएवढा. दोन्ही अंगांना सोनेरी राठ केसांचे झुबके, पाठीवर खवल्यांच्या दोन ओळी. राहायचा बंदरातल्या जुन्या लाकडी धक्क्याच्या खांबांवर, शिंपल्यांच्या फटीत. याच्या केसाचं टोक भाऊबंदांसारखं दुहेरी नाही, एकेरी आहे, हे ताईंनी फार पूर्वी हेरलं होतं. पण त्यांच्याकडे नुसते तुकडे होते, कुठे मुंडकं, कुठे शेपूट. नवी जात म्हणून जगापुढे ठेवायची तर एक अख्खा किडा हवा. तोच त्या नावाचा धनी ठरतो, पुढे कुणालाही शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं. आणि बंदरवाले तो लाकडी धक्का उपटून सिमेंटचा बांधायला निघाले होते. खांब गेले की किडाही गेला. असा अख्खा किडा त्या सकाळी पहिल्यांदा हाती लागला होता. पुढचं वर आलंच आहे.

ताई बादली घेऊन आल्या. त्यांनी बशीत पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बशीत.

“पंखा बंद कर.”

केला.

“खिडकी लाव. बशीला हात लावू नकोस.”

“ताई, श्वास घेऊ ना?”

“घे. सोडताना तोंड तिकडे कर.”

मला वाटलं, आता बोलणी बसतील. ताई खुर्ची ओढत म्हणाल्या, “इकडे ये. डोळे मीट.” मी मिटले. पापणीला कळ आली. डोळा उघडला तर माझा एक केस त्यांच्या चिमट्यात होता.

“खवला सुईने उचलला तर फाटतो,” त्या म्हणाल्या. काडीच्या टोकाला डिंकाचा थेंब लावून त्यांनी केस चिकटवला. “तुझ्या पापणीला बाक छान आहे. तेवढा एक गुण निघाला.”

पुढचे कितीतरी दिवस ताई त्या खवल्यांपुढे बसल्या. रंगकामाची एक जुनी तबकडी होती, तिच्या खळग्यांत त्या एकेक खवला ठेवत. पुढचे खवले गोल, मधले कातरलेल्या कडेचे, मागचे लांबट. प्रत्येकाच्या पोटाशी देठावरून सुटल्याचा एक वण असतो. खवला किड्याच्या पाठीवरच्या कुठल्या देठावर बसत होता, डाव्या की उजव्या, हे त्या वणाच्या आकारावरून ठरवायचं. मला सगळे सारखे दिसायचे. ताई एखाद्यावर अर्धा दिवस घालवत आणि संध्याकाळी, “छे, हा पाचवा नव्हे,” म्हणून उचलून दुसरीकडे ठेवत. तसं म्हणताना त्या खूश दिसायच्या, हे मला पहिल्यांदा विचित्र वाटलं आणि मग हेवा वाटू लागला. आपली चूक सापडली म्हणून आनंद होणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यांचे यजमान शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. मी ताईंना ताई म्हणतो म्हणून ते मला हक्काने मेहुणा करून बसलेत. डबा घेऊन ते वर आले आणि तबकडीत डोकावले.

“काय मेहुणे, बटणं तुम्ही तोडायची आणि लावायची माझ्या बायकोने?”

“भाऊजी, चुकलं.”

“चुकलं कसलं! माझ्याकडे गिऱ्हाईक अशीच बटणं तोडून आणतं. पण ते निदान बटणं सोबत आणतं.”

“अहो, हलू नका,” ताई सूक्ष्मदर्शकाच्या नळीवरून डोळा न काढता म्हणाल्या. “टेबल हलतंय.”

“बघा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी टक लावून कधी माझ्याकडे बघितलं नाही.”

“तुमच्यावर खवले नाहीत,” ताई म्हणाल्या. त्यांनी एका हाताने पुस्तक बाजूला सरकवून डब्याला जागा करून दिली.

शेवटी सगळे खळगे भरले, एक सोडून. डावीकडचा नववा. आम्ही बशी धुंडाळली, चिमटा, टेबल, माझ्या शर्टाची बाही धुंडाळली. खवला नाही.

धक्क्याचे खांब तोवर उपटून झाले होते. बंदरावरचा मुकादम ताईंना ओळखत होता. किडे सुकू नयेत म्हणून त्याने त्यांच्यासाठी खांबांच्या ढिगावर पाण्याचा पाइप सोडून ठेवला होता.

“बाई, एक दुपार देतो. उद्या ट्रक येईल. किड्याला माझं नाव देणार असाल तर दोन दुपारी.”

“तुझं नाव दिलं तर तो लाजेने मरेल. एकच दे.”

ताई साडीचा पदर खोचून ओल्या खांबांवर पालथ्या पडल्या आणि शिंपल्यांच्या फटी उकलत राहिल्या. मी त्यांच्यामागे बादली घेऊन. संध्याकाळी बादलीत एका शेपटाखेरीज काही नव्हतं. ताईंनी खांबावर हात फिरवला आणि मुकादमाला म्हणाल्या, “ने आता.” वाटेत त्यांनी बादली माझ्या हातून काढून घेतली. माझी तेवढ्यातच चांगली खरडपट्टी निघाली.

चित्र काढायची वेळ आली तेव्हा मी तोड काढली. “ताई, उजवीकडचा नववा आहे ना? तोच उलटा करून डावीकडे काढा. कोण बघतंय?”

“तू पाहिलास का डावा?”

“नाही.”

“मीही नाही.” त्यांनी डावीकडे नुसता मोकळा देठ काढला आणि खाली लिहिलं, ‘खवला हरवला.’

मजकूर परदेशी नियतकालिकाकडे गेला. तिथल्या परीक्षकाचं उत्तर आलं: चित्र पूर्ण करा किंवा दुसरा अख्खा किडा दाखवा, नाहीतर मान्यता देता येणार नाही. दुसरा किडा कुठून आणणार? खांबांच्या जागी सिमेंट आलं होतं. मी पुन्हा म्हटलं, “एक खवला तर काढायचाय! नाहीतर किडा बिननावाचा जाईल.”

“जाऊ दे,” ताई म्हणाल्या. “खोट्या खवल्याने राहण्यापेक्षा जाऊ दे.” पण हे म्हणताना त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली होती, ते मी पाहिलं. मग त्या सूक्ष्मदर्शकाकडे वळल्या आणि त्यांनी उघड्या पडलेल्या सगळ्या देठांची मोठी चित्रं काढून पाठवली, कुठला कसा, कुठे वण, सगळं. हा खवले न सांडलेल्या किड्यात कधी न दिसणारा भाग. सोबत एक ओळ: पाहिलं ते काढलं आहे.

परीक्षकाने मान्यता दिली. वर विचारलं की देठांना धक्का न लागता खवले इतक्या सफाईने उतरवण्याची पद्धत कोणती, कृपया कळवावी. ताईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. “लिही. पद्धत तुझी आहे.”

ताईंनी किड्याला दिलेल्या नावाचा अर्थ ‘खांबावर राहणारा’. भाऊजींनी तोंड वाकडं केलं, “संसार माझ्याशी, नाव खांबाला.” पण छापील चित्र दुकानात शिवणयंत्राच्या वर त्यांनीच टांगलंय आणि बटण लावायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मोकळा देठ दाखवतात. बोट माझ्या दिशेला असतं.

पापण्या मी आजवर बऱ्याच दिल्या. त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. सकाळी मी जिना चढून वर येतो तेव्हा ताई नळीला डोळा लावून बसलेल्या असतात, समोर कुठला तरी दुसराच किडा. मान वर न करता विचारतात, “खवला?”

“शोधतोय, ताई.”

“पंखा लावण्याआधी शोध.”