सैल तारांची गिटार

गिटारमधलं मला विचारू नका, मी वाळू, भजनातला पेटीवाला. पण खंडेराव गिटार लावतो तशी कोणी शहाणा माणूस लावत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. बोट न ठेवता नुसता हात फिरवला की सा, प, सा, ग, प, सा. सगळ्या तारा सैल, पार माझ्या पेटीच्या काळी एकपर्यंत उतरवलेल्या.

हौस म्हणून नाही हो. देवळ्याहून सातपूरला आला तेव्हा हा पोरगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात भल्याभल्यांना मागे टाकायचा. मग कंपनीत प्रेसखाली डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. लोक म्हणाले, विकून टाक आता. त्याने तारा अशा लावल्या, भंगारातला एक लोखंडी बुश, नळीचा आखूड तुकडाच तो, करंगळीत घातला आणि तो तारांवरून घसरवत वाजवायला लागला. भजनात गिटार कसली, म्हणून मी आधी भरपूर कटकट केली. सुराच्या बाबतीत मी कोणाची भीड ठेवत नाही. पण त्याने एक अभंग वाजवला आणि माझं तोंड बंद झालं.

पुढे त्याच प्रेसच्या दणदणाटात कानही गेले. जाड तारांचा नुसता घुमारा कळायचा, सूर नाही; बारीक तारा तर नाहीच. तेव्हापासून तारा लावायचं काम त्याच्या मुलीचं, हर्षालीचं. ती शाळेत होती तेव्हापासून भजनाच्या आधी यायची, माझ्या पेटीशी एकेक तार जुळवायची, गिटार बापाच्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "पप्पा, लागली." तिने असं म्हटल्याशिवाय तो तारेला हात लावायचा नाही. शिफ्ट करून आलेला दमलेला माणूस. जेवताना डोळे मिटायचे त्याचे, पण त्या एका शब्दाने ताठ बसायचा.

हर्षालीचं लग्न ठरलं. मुलगा देवळाली कॅम्पचा, साई. खंडेरावाने एकच गोष्ट मागितली. हळदीला थोडा वेळ डीजे बंद ठेवा, लहानपणी ती ज्या चालीवर झोपायची ती मला वाजवू द्या. मला तर महिनाभर तेच तेच सांगून वैताग आणला होता.

दोन्हीकडची हळद एकाच लॉन्सवर होती. हर्षालीने दुपारीच तारा लावून ठेवल्या. संध्याकाळी ती पाटावर बसली, हातापायांना हळद लागली. डीजे बंद झाला, मी पेटी उघडली. साई गिटार घेऊन आला. क्लास केलेला पोरगा, मनाने अगदी चांगला. सासऱ्याच्या हातात अदबीने गिटार देत म्हणाला, तारा फार उतरल्या होत्या, मोबाइलवर बघून नीट करून ठेवल्या.

खंडेरावाला अर्धंमुर्धं ऐकू आलं. जावई कौतुक करतोय असं वाटून तो हसला, डोळे मिटले आणि बुश तारेवर ठेवला.

अरे देवा! एकही तार माझ्या पेटीशी बोलेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, मागे पोरं हसली. आणि हा बाबा डोळे मिटून मान डोलावत वाजवतोय. मला इतका संताप आला, की उठून साईला चार शब्द सुनावणार होतो. खंडेरावाच्या बायकोने, सुवर्णाने, माझा हात दाबला. हळदीच्या मांडवात जावयाला कोण बोलणार? त्याला बोलायचं नाही, खंडेरावाला सांगायचं नाही, नुसतं ऐकत बसायचं. जीव नकोसा झाला मला.

हळद लागलेल्या मुलीने पाटावरून उठायचं नसतं. हर्षाली उठली. आत्या ओरडत राहिली. ती बापासमोर येऊन बसली, त्याचा हात धरून थांबवला. त्याने डोळे उघडले, आधी तिच्याकडे, मग लोकांकडे पाहिलं. तेव्हा त्याला कळलं. चेहरा असा उतरला की मला बघवेना.

मी सा धरला. तिने एकेक तार उतरवली, ओल्या हळदीच्या हातांनीच. सगळ्या खुंट्या पिवळ्या झाल्या. साई मान खाली घालून उभा होता.

"पप्पा, लागली."

मग मात्र त्याने असं वाजवलं की मघाशी हसणारी पोरंही पुढे सरकून बसली.

त्यानंतर बरेच दिवस तो भजनाला आला नाही. काल आला, एकटाच, गिटार घेऊन. आणखी वाकल्यासारखा वाटला. मी नेहमीसारखा पेटीचा सूर दिला, त्याने हात फिरवला. तारा उतरल्या होत्या, प्रत्येक आपापल्या मर्जीने. मी म्हटलं, आण इकडे, मी लावून देतो. त्याने गिटार हळूच मागे घेतली. खुंट्यांवर हळद तशीच होती, वाळून गेलेली.

"नको," तो म्हणाला, "निघून जाईल." मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "वाळू, लागलेली हाय ना?"

"लागली," मी म्हणालो, आणि माझी पेटी बंद केली.