श्रावणातला सराव

परळच्या आमच्या डायलिसिस युनिटमध्ये मी सिस्टरांना सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर बघत सुई घालायला शिकवायचे. सरावाला चिकनच्या तुकड्यात रबराची नळी खुपसून न्यायचे. त्या दिवशी ड्युटी संपवून त्या आल्या, तेव्हा आम्ही सगळ्याच दमलेल्या होतो. मी ट्रे उघडला, तर कुणी हात लावेना.

"मॅडम, श्रावण आहे."

माझं डोकंच फिरलं. "दिवसभर रक्तात हात असतात तुमचे, आणि चिकन चालत नाही?"

मग त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टरने खुर्ची ओढली, बाही वर सारली आणि आपला हात टेबलावर ठेवला.

"ह्याच्यावर शिकवा. हा चालतो श्रावणात."