तात्यांमुळं हुकलेली उल्का

तात्या गेल्याचा फोन सांगलीला आला तेव्हा मी भाजी निवडत होते. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "तात्या गेलं गं." आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? आता मला उल्का कोण दाखवणार! नंतर माझी मलाच लाज वाटली.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि उंब्रजजवळच्या आमच्या गावी ऊस करू लागले. मी लहान असताना एका संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात जेवायला बसलो होतो. एकाएकी गोठा, भिंती, ताटातला भात, सगळं पांढरंफेक उजळलं. तात्यांना तो तोफगोळाच वाटला. "लेट जाओ!" असं ओरडत त्यांनी मला खाली पाडलं आणि स्वतः माझ्यावर आडवे झाले. तो आगीचा गोळा डोंगरामागं जाताना सगळ्या गावानं पाहिला. मला दिसलं ते त्यांच्या सदऱ्याचं एक बटण... आणि कानाशी धडधडणारी त्यांची छाती. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. पुढं जो तो विचारायचा, "काय तात्या, आज आडवं न्हाई व्हय?" तेही हसायचे. मात्र त्यांची बाज दुसऱ्याच दिवशी अंगणातून पडवीत, पत्र्याखाली गेली.

मी तर फुरंगटूनच बसले. "तुमच्यामुळं माझी उल्का हुकली," हे त्यांना कित्येक वर्षं ऐकवलं. "दावतो की गं एक, पळून जात्यात व्हय!" ते म्हणायचे. मी माहेरी गेले की बाज स्वतः अंगणात ओढायचे आणि माझ्याशेजारी बसायचे. कुठं वरातीचा फटाका वाजला की त्यांचा हात झटकन माझ्या डोक्यावर यायचा. मी आपली आभाळाकडं बघत असायचे, त्यांच्याकडं कधी बघितलंच नाही.

परवा गावी गेले तेव्हा काकी म्हणाली, "तू आलीस की तेवढंच भाईर बसायचं. मग रातभर डोळा लागायचा न्हाई त्यास्नी." 'तात्या, राहू दे ती उल्का, चला आत,' एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

बाज आता काकीनं अंगणात काढून ठेवली आहे. अंधार पडल्यावर मी तिच्यावर जाऊन बसले. आभाळ स्वच्छ होतं. गावात कुणाची तरी वरात निघाली होती, फटाका वाजला. मी वर पाहिलं नाही. मान खाली घालून वाट बघत राहिले...