शोभेची बंदूक

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनच्या घरात एके काळी बंदूक आली होती, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मला हसू येत नाही. माझं आजही डोकं फिरतं.

नवरा माझा पुण्याचा, ऑफिसात डेटाबेस सांभाळणारा, झुरळ मारायचं झालं तरी मला हाक मारणारा. शेजाऱ्याच्या नादाने तो एका पलटणीत शिरला. खरी पलटण नव्हे हो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाया शनिवार-रविवारी मैदानात पुन्हा लढून दाखवणारी हौशी मंडळी. तिकोनी टोपी, गुडघ्यापर्यंत मोजे, अंगात लोकरीचा कोट, आणि वर व्हर्जिनियाचा उन्हाळा! ऑफिसातली आपली पोरं त्याला विचारायची, "यार, तू गोऱ्यांच्या बाजूने लढतोस की विरुद्ध?" तो म्हणायचा, "दोन्हीकडे गोरेच आहेत रे." मीही हसायचे तेव्हा. दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरनंतर सावळ्या माणसाकडे सगळे संशयाने बघायला लागले, तेव्हापासून हा माणूस साध्या दुकानात शिरतानासुद्धा खांदे पाडून शिरायला लागला होता. त्या रांगेत मात्र तो ताठ उभा राहायचा. म्हणून ते घामट मोजे मी मुकाट्याने धुतले.

बरेच दिवस त्याने दुसऱ्याची बंदूक उसनी वापरली. मग पलटणीचा कॅप्टन म्हणाला, आता स्वतःची घे. हा कॅप्टन एरवी इन्शुरन्स विकायचा. एका पिकनिकला त्याने आपली बंदूक टेबलावर ठेवली आणि नवी घेताना काय काय बघायचं ते सांगितलं. बंदूक आजच्या काळातच बनवलेली असते, पण धाटणी जुनी. घोड्यात चकमकीचा दगड; तो पोलादावर घासला की ठिणगी पडते आणि दारू पेटते. आत गोळी नसते, नुसता बार. पण बार म्हणजे काही दिवाळीतली टिकली नव्हे. घोडा अर्धा ओढला की तिथेच थांबला पाहिजे, चाप दाबला तरी पडता कामा नये. शेजारच्याच्या तोंडावर जाळ जाऊ नये म्हणून पितळी आडोसा हवा. आणि मुख्य म्हणजे नळीवर ठसा हवा. त्याची बंदूक इटलीची होती. तिकडे सरकारी तपासणीत जास्तीची दारू ठासून प्रत्येक नळी उडवून बघतात आणि टिकली तरच ठसा मारतात. मी सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधणं हाच माझा धंदा. मला तो कॅप्टन पहिल्यांदाच आवडला.

आणि लगेच नावडला. "इंडियाची तेवढी घेऊ नकोस," तो म्हणाला. "ती बंदूक नसते, नळाचा पाइप असतो. तुला तर माहीतच असेल!" आणि त्याने डोळा मारला. टेबलभर खो-खो हसू सुटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि माझा नवरा काय करत होता? तोही हसत होता, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

काही आठवड्यांनी दारात लांबलचक खोका येऊन पडला. आत भारतात बनलेली बंदूक.

"दाखवतोच त्यांना," तो म्हणाला.

दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. गडद लाकडाचा दस्ता, पितळेचं काम झकास. पण नळीच्या बुडाशी ज्या बारीक भोकातून ठिणगी आत जाते, ते भोकच नव्हतं! सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, वस्तू शोभेची आहे. म्हणजे विकणाऱ्याने हात झटकले. भोक तुमचं तुम्ही पाडा, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब.

"ही तपासली कुणी?" मी विचारलं.

"मी बघितली ना."

"बघितली म्हणजे काय? ठसा कुठाय?"

"तू पण त्यांच्यासारखंच बोलायला लागलीस," तो म्हणाला. "आपल्या माणसांनी केलंय म्हणून ते वाईटच, नाही का?"

मला इतका संताप आला की हातातलं उलथनं मी ओट्यावर आपटलं. अरे, ही काय रीत झाली! त्या नळीत दारू पेटणार, ती नळी याच्या तोंडाजवळ, याच्या हातात. तिची चौकशी केली तर मी देशद्रोही? तो गॅरेजमध्ये गेला आणि भिंतीवर फोटो टांगायला आणलेलं ड्रिल काढून त्याने भोक पाडलं. मी बाहेर उभी राहून त्या आवाजावर दात खात होते.

त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे होत्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी पाटावर लॅपटॉप ठेवला, गाडीची किल्ली ठेवली, ड्रिल ठेवलं आणि मधोमध बंदूक. मुलाच्या घरी इतक्या वर्षांनी पूजेला खरं शस्त्र मिळालं म्हणून त्यांना कोण आनंद! हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. मग हळद-कुंकवाच्या मूठभर ओल्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या नळीच्या तोंडातून आत सोडल्या. "शस्त्राचं तोंड रिकामं ठेवू नये," म्हणाल्या. आम्ही दोघं तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हतो, त्यामुळे तिकडे लक्ष कुणाचं होतं?

रविवारी लढाई होती. अबोला असला तरी मीही बघायला गेले होते. लढाईआधी प्रत्येकाची बंदूक तपासतात. नळीत लोखंडी गज सोडायचा. तो तळाला टण्णकन वाजला तर नळी मोकळी. याच्या नळीत गज सोडला, तर धप्प. कॅप्टनने गजाला खरवडणी लावून खालचा ऐवज बाहेर ओढला. पिवळा तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या, कुंकवाचा चिखल.

"ही काय उडवते? करी राइस?"

सगळी पलटण हसली. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नियमाप्रमाणे त्याला रांगेतून बाहेर काढलं. तो बंदूक उचलून तरातरा पार्किंगकडे निघाला आणि दारूची पिशवी काढायला लागला. "साफ करतो आणि इथेच बार काढून दाखवतो," म्हणे! मी त्याच्या हातातून पिशवी हिसकावली. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत त्याच्यावर ओरडले, तेही मराठीत, त्यामुळे त्या चारचौघांना फक्त आवाज कळला. मग कॅप्टनकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "हसून झालं असेल तर ही तपासायची कशी ते सांगा. तुमच्या इटलीत तपासतात तशीच."

त्याने गज खाली ठेवला. नंतर म्हणाला, पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, त्याच्या शेतावर या.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो, कॅप्टनही आला. म्हाताऱ्याने बंदूक जुन्या टायरला करकचून बांधली, जास्तीची दारू ठासली आणि चापाला लांब दोरी लावली. आम्ही सगळे ट्रकच्या आड बसलो. नवऱ्याचा चेहरा परीक्षेचा निकाल लागायच्या आधीसारखा. मला वाटत होतं टिकू दे, आणि वाटत होतं फुटू दे. म्हाताऱ्याने दोरी ओढली.

असा आवाज मी पुन्हा कधी ऐकलेला नाही. धूर विरला तेव्हा नळी बुडापासून वीतभर उभी चिरलेली होती. खालचं लाकूड तिथे नव्हतंच. नेम धरताना जिथे डावा हात असतो, नेमकं तिथलं.

म्हातारा वाकून बघत राहिला. म्हणाला, नळी मुळात कच्ची होती की भोक चुकीच्या जागी पाडलं, हे आता सांगता येणार नाही. कॅप्टनने मान हलवली. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

तेवढं ऐकून माझं उरलंसुरलं भान गेलं. "हो, सांगितलं होतं! नळीवर ठसा नाही म्हणून घेऊ नकोस, एवढंच बोलला असतात तर त्याने ऐकलं असतं. तुम्ही त्याचा देश काढलात, वर डोळा मारलात. मग त्याने बंदूक घेतलीच नाही, तुमचं तोंड बंद करायला काहीतरी घेतलं." कॅप्टन म्हणाला, तो विनोद होता. मी म्हटलं, तो विनोद बघा त्या टायरला बांधलाय.

कॅप्टन बरोबर होता, याचा मला जास्त राग आहे. बरोबर असलेल्या माणसाला पुन्हा विचार करावा लागत नाही.

परतताना नवरा गाडी चालवत होता. मग म्हणाला, "आता मला जन्मभर हसतील."

"हसू देत!" मी किंचाळले. "मेल्या, तो तुझा डावा हात बघ. स्टीअरिंगवर आहे. बघ त्याच्याकडे!"

त्याने बघितलं. मग इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून हमसून हमसून रडायला लागला.