शांतवनच्या टूर ऑर्डरी

"चार महिने झाले, प्रभुभोजनाला तुझा पत्ता नाही. देवाला विसरलास काय रे?" असं मी शांतवन साळवेला फॅक्टरीच्या गेटवर चारचौघांदेखत झापलं.

बंगळुरात तेव्हा, म्हणजे साठच्या दशकात, आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची मंडळी लहानशीच होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. कोण आलं, कोण नाही, याची वही माझ्याकडे. मला त्या वहीचा भारी गर्व.

शांतवन म्हणाला, "गायकवाड अण्णा, मला टूरवर तुम्हीच पाठवता की."

खरंच होतं. आमची फॅक्टरी लेथ मशीन बनवायची. मशीन गिऱ्हाइकाकडे पोचलं की फिटर जाऊन ते बसवून, चालवून दाखवी. त्याची टूर ऑर्डर माझ्या टेबलावरून निघे. वर जाऊन फाइल काढली. कोइमतूर, कानपूर, लुधियाना, पुन्हा कोइमतूर. बाकीचे फिटर पाळीने जायचे. शांतवनच्या प्रत्येक ऑर्डरीवर मात्र "साहेबांच्या सूचनेवरून". खाली सही माझी. न वाचता ठोकलेली.

साहेब म्हणजे उजागरे, सर्व्हिस मॅनेजर. रविवारी तेच आमच्या मंडळीतले वडील, पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, खालोखाल मानाचे. शांतवनची बायको सुशीला मंडळीच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, गायची. गुरुवारची प्रॅक्टिस संपली की साहेब तिला गाडीतून घरी सोडत. किती कनवाळू माणूस, असं आम्ही सगळे म्हणायचो. मीही म्हणायचो. गाढव मी.

संध्याकाळी बायकोला घेऊन सुशीलाकडे गेलो. शांतवन मार्केटला गेला होता. विचारायचं कसं ते मला सुचेना. सुशीलाच बोलली.

"अण्णा, अजून काही घडलेलं नाही. पण घडेल, याची मलाच भीती वाटते. यांचं महिन्याला दोन ओळींचं पत्र येतं. साहेब रोज विचारपूस करतात. बरं वाटतं मला. खोटं कशाला बोलू?"

ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. बायकोने हात दाबला आणि सुशीलाशेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांची नवी चिठ्ठी आली. शांतवन, लुधियाना, सहा आठवडे. मी ती तशीच त्यांच्या केबिनमध्ये परत नेली.

"पाळी नंजप्पाची आहे, साहेब."

"पाळी तुम्ही मला शिकवणार?"

"हो. आणि गुरुवारी सुशीलाला तिचा नवरा सायकलवर नेईल."

"काय आरोप करताय, कळतंय का गायकवाड?"

"कळतंय. टूरची फाइल आणि प्रभुभोजनाची वही, दोन्ही पाळकसाहेबांपुढे शेजारी शेजारी ठेवतो. तुम्ही त्यांना समजावून सांगा."

उजागऱ्यांनी चिठ्ठी फाडली. माझ्याकडे बघितलं नाही. नंजप्पा फिटर कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि ट्रंक बांधायला गेला.

महिन्याभरात माझी बदली स्टोअरमध्ये झाली. साहेब वडीलपदावर राहिलेच. पहिल्या रविवारी भाकरीचं ताट घेऊन ते माझ्यापुढे आले, तेव्हा मी हात पुढे केला नाही. पुढच्या बाकावर शांतवन आणि सुशीला एकाच पुस्तकातून गात होते. तिने त्याला सगळं सांगितलं होतं. आठवडाभर दोघांत बोलणं नव्हतं, मग झालं.

घरी येऊन मी वही उघडली आणि शांतवनच्या नावापुढे मोठ्या थाटात खूण केली. बायको भाकरी थापत म्हणाली, "सोमवारी कमिटी, बुधवारी प्रार्थना, गुरुवारी प्रॅक्टिसला कुलूप-किल्ली, शनिवारी ही वही. शांतवन निदान टूरवर तरी असायचा. तुम्ही बंगळुरात असून घरी नसता. मला कुणी गाडीतून सोडत नाही, एवढंच तुमचं नशीब."

मी तिच्यावर जाम चिडलो. बोलली ते खरं होतं म्हणून चिडलो.

दुसऱ्या दिवशी वही पाळकसाहेबांना परत केली. उजागऱ्यांवरचा राग आजही गेलेला नाही. पण दुसरीच्या नवऱ्याची हजेरी घेणाऱ्याने आधी आपल्या घरी वेळेवर पोचावं, इतकं मी त्या नोकरीत शिकलो. स्टोअर साडेपाचला बंद व्हायचं, ते एक बरं झालं.